मर्सो कुणासाठी रडला नाही?

ज्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही अशी ऐंशी वर्षांची ख्याती आहे, तो आपल्या साहेबाकडे टॉवेलची तक्रार करतो. दुपारी जेवायला निघण्याआधी हात धुणं त्याला आवडतं. संध्याकाळी तेच हात धुताना तितकं बरं वाटत नाही, कारण कचेरीतला सगळ्यांचा मिळून एकच टॉवेल तोवर ओलाचिंब झालेला असतो. ही गोष्ट तो एकदा साहेबाच्या कानावर घालतो. साहेब म्हणतो, वाईट आहे खरं, पण बाब क्षुल्लक आहे.

अल्बेर काम्यूच्या ‘द आउटसायडर’मधला हा प्रसंग मोजून चार-पाच वाक्यांचा आहे. पहिल्या वाचनात तो नजरेखालून निसटतो, कारण आपण तेव्हा त्या पहिल्या पानाच्या धक्क्यातून सावरत असतो: आई आज वारली की काल, हेही याला नक्की सांगता येत नाही! एकदा त्या धक्क्याने मर्सो या नायकाचं नाव ‘अलिप्त’ असं पडलं की पुढचं सगळं आपण त्याच खात्यात जमा करत जातो. अनेक वर्षांनी पुस्तक परत हातात घेतलं तेव्हा मला हा टॉवेल दिसला आणि शंका आली. ओल्या टॉवेलने ज्याचा दिवस किंचित बिघडतो त्याला बधिर कसं म्हणायचं? उलट साहेबच बधिर वाटतो. गंमत अशी, की ‘याला काही महत्त्व नाही’ हे ज्याचं पालुपद म्हणून आपण लक्षात ठेवतो, त्याच्या आयुष्यात ते वाक्य इतर लोकही सारखे उच्चारत असतात. फक्त त्यांच्या ते अंगाला लागत नाही.

ही कादंबरी १९४२ साली, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी काम्यूचा सिसिफसवरचा वैचारिक ग्रंथही आला, आणि पुढच्याच वर्षी सार्त्रने कादंबरीवर जो दीर्घ लेख लिहिला त्यात या दोन पुस्तकांची गाठ मारून टाकली. एकात सिद्धान्त, दुसऱ्यात उदाहरण. वाक्यं एकमेकांपासून सुटी का आहेत, नायक आणि वाचक यांच्यामध्ये काचेची भिंत असल्यासारखं का वाटतं, हे सार्त्रने इतकं झकास उलगडून दाखवलं की त्यानंतर ती काच पुसून पलीकडे पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. मर्सो हा माणूस राहिला नाही, निरर्थकतेचा नमुना झाला. स्वतः काम्यूने आपण अस्तित्ववादी नाही असं पुनःपुन्हा सांगितलं, तरी जगभरच्या अभ्यासक्रमांत पुस्तक त्याच फडताळात जाऊन बसलं. आपल्याकडेही साठनंतरच्या पिढीने काफ्का, काम्यू, सार्त्र ही नावं एका दमात घेतली आणि परात्मतेच्या चर्चेत मर्सो हक्काने हजर राहिला. नमुन्याला आई असते, पण ती कथानकापुरती. माणसाची गोष्ट वेगळी.

तेव्हा आधी आईकडे पाहू.

मराठी वाचकाला या कादंबरीत पहिली ठेच लागते ती वृद्धाश्रमाची. आईला आश्रमात ठेवलं, तिथे फारसा भेटायला गेला नाही, कारण रविवार जातो, बसपर्यंत चालत जा, तिकीट काढा, दोन तासांचा प्रवास करा. हे सगळं तो आपणहून सांगतो, लपवत नाही. आपल्या मनात निकाल तयार होतो. पण त्याच पानांत आणखी काही आहे. पगार तुटपुंजा होता, आईची देखभाल करायला माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं. घरात असताना ती दिवसभर गप्प बसून त्याच्याकडे नुसती पाहत राही. आश्रमात पहिले काही दिवस रडली, पण काही महिन्यांनी तिथून काढलं असतं तरी रडली असती, कारण तोवर तिथली सवय झाली असती. हे शेवटचं निरीक्षण निर्दय म्हणून वाचता येतं. मला ते आईला नीट ओळखणाऱ्या माणसाचं वाटतं.

आणि घर? आई गेल्यापासून ते घर त्याला मोठं पडतं. जेवणाच्या खोलीतलं टेबल त्याने आपल्या खोलीत ओढून आणलंय आणि आता तो त्या एकाच खोलीत राहतो. बाकीच्या खोल्यांकडे तो फिरकत नाही. हे तो अंत्यविधीनंतरच्या रविवारी, दुपार कशी घालवली ते सांगताना सांगतो आणि पुढे बाल्कनीत बसून रस्ता पाहू लागतो. त्या रिकाम्या खोल्यांबद्दल एक विशेषण नाही. दुसऱ्या कुठल्याही लेखकाने इथे निदान एक उसासा टाकला असता.

काम्यूला हे गप्प घर कुठून मिळालं ते आता आपल्याला ठाऊक आहे. त्याचा जन्म १९१३ चा. पुढच्याच वर्षी बाप पहिल्या महायुद्धात जखमी होऊन मेला. अल्जिअर्सच्या बेलकूर या कामगार वस्तीत आजीच्या धाकाखाली वाढलेल्या या मुलाची आई, कातरीन, लोकांकडे धुणीभांडी, साफसफाई करायची. तिला कमी ऐकू यायचं, लिहितावाचता येत नव्हतं, बोलणं जवळजवळ नव्हतंच. पिंपं बनवणारा मामाही जेमतेम बोलणारा. १९३५ साली, बाविशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, काम्यूने वही सुरू केली, आणि तिच्या पहिल्याच नोंदीत गरिबीत वाढलेल्या मुलाला आईबद्दल वाटणाऱ्या चमत्कारिक भावनेचा विषय आहे. १९३७ च्या पहिल्या निबंधसंग्रहात संध्याकाळच्या अंधारात गप्प बसलेली आई आहे. १९६० साली तो मोटार अपघातात गेला तेव्हा सोबत असलेल्या हस्तलिखितात, जे ‘द फर्स्ट मॅन’ म्हणून १९९४ मध्ये छापलं गेलं, पुन्हा तीच आई आहे. ते पुस्तक त्याने तिलाच अर्पण केलं, ती ते कधी वाचू शकणार नाही हे नमूद करून. म्हणजे पहिल्या नोंदीपासून शेवटच्या कागदापर्यंत हा लेखक एकाच बाईभोवती फिरत राहिला. त्याच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात तेवढं आईबद्दल काही नाही, असं आपण समजून चाललो.

अशा घरात माया नसते असं नाही, तिचं बोलणं होत नाही. ज्या घरांत दिवसभर राबून आलेली माणसं एकमेकांसमोर मुकाट जेवतात, तिथल्या मुलांना ‘तुझं आईवर प्रेम होतं का’ हा प्रश्नच परका वाटेल. पुढे खुनाच्या आरोपाखाली पकडल्यावर मर्सोला तपासणी न्यायाधीश तो विचारतो. मर्सो म्हणतो, होतं, सगळ्यांचं असतं तसंच. या उत्तराने टंकलेखनाला बसलेल्या कारकुनाची बोटं चुकतात, त्याला मागे जाऊन परत टाइप करावं लागतं. काम्यूचा हा विनोद मला फार आवडतो. ‘सगळ्यांसारखंच’ हे उत्तर सरकारी कागदावर उमटायला तयार नाही. कागदाला एकतर हुंदका हवा, नाहीतर नकार.

आणि मर्सोने स्वतःबद्दल एक गोष्ट वकिलाला सांगितली आहे, जी समीक्षकांनी वकिलाइतकीच कानाआड केली. तो म्हणतो, माझ्या शरीराच्या गरजा बरेचदा माझ्या भावनांमध्ये येतात, त्या दिवशी मी दमलो होतो, झोप येत होती. वकील कपाळाला हात लावतो. त्याला हवं आहे ते वेगळं: ‘मी त्या दिवशी भावना आवरून धरल्या होत्या’ एवढं म्हण. मर्सो म्हणतो नाही, ते खोटं होईल. पण या माणसाचं सगळं वाटणंच अंगावाटे चालतं, हे ध्यानात घेतलं तर पहिला भाग वेगळा वाचता येतो. बसमध्ये लागलेली गाढ झोप, शवाजवळच्या खोलीतल्या पांढऱ्याशुभ्र उजेडाने दुखणारे डोळे, ऐंशी किलोमीटरवरच्या मारेंगोतलं ते वितळलेलं डांबर, कानशिलांवर ठोके देणारं रक्त. तिथली परिचारिका म्हणते, हळू चाललं तर ऊन लागतं, भरभर चाललं तर घाम येऊन चर्चमध्ये थंडी बाधते. मर्सो तिच्याशी सहमत होतो: सुटका नाही. दुःखाबद्दल त्या दोन दिवसांत कुणी काही खरं बोललं असेल तर ते हे हवामानाबद्दलचं वाक्य.

शेजारचा म्हातारा सालामानो हा तर या वाचनाचा मुख्य साक्षीदार. खरजेने अंग सडलेल्या कुत्र्याला शिव्या घालत, ओढत फिरवणारा हा माणूस कुत्रा हरवल्यावर मोडून पडतो. रात्री भिंतीपलीकडून बारीकसा आवाज येतो, आणि मर्सोच्या ध्यानात येतं की म्हातारा रडतो आहे. त्याच क्षणी त्याला आई आठवते. का ते कळत नाही, असं तो म्हणतो. मग सकाळी लवकर उठायचं होतं. भूक नव्हती. न जेवता झोपला.

एवढंच. आई आठवली आणि रात्रीचं जेवण गेलं नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये लेखकाने ‘म्हणून’ टाकलेलं नाही, आणि आपण शाळेत शिकल्याप्रमाणे ‘म्हणून’ नसलेल्या ठिकाणी संबंध नाही असं धरून पुढे गेलो. अलीकडे मर्सोला एखाद्या मानसिक अवस्थेचं नाव चिकटवायची हौस वाढली आहे. भावना ओळखता न येण्याची ही अवस्था, ती अवस्था. मला त्यात समजुतीपेक्षा सोय जास्त दिसते. सरकारी वकिलाने ‘राक्षस’ म्हटलं, आपण सभ्य आहोत म्हणून ‘रुग्ण’ म्हणतो. शेजाऱ्याचं रडणं ऐकून ज्याची भूक मरते त्याला मी या दोन्ही नावांनी हाक मारणार नाही.

खटला तर आपल्या गावाकडचाच वाटावा असा आहे. मयताला कोण आलं, कोण नाही, कुणाच्या डोळ्यातून टिपूस निघाला आणि कुणाच्या नाही, याची नोंद ठेवणारी माणसं प्रत्येक आळीत असतात, आणि तेराव्यापर्यंत त्यांचा अहवाल सगळ्या नात्यागोत्यात पोचलेला असतो. मर्सोच्या बाबतीत फक्त त्या अहवालावर न्यायालयाचा शिक्का बसतो. आश्रमाचा व्यवस्थापक सांगतो, हा शांत होता. पहारेकरी सांगतो, याने आईचा चेहरा पाहिला नाही, सिगरेट ओढली, दुधाची कॉफी घेतली. कॉफी पहारेकऱ्यानेच देऊ केली होती. सरकारी वकील म्हणतो, परक्याने देऊ करावी, पण मुलाने ती नाकारायला हवी होती. शेवटी मान उडवण्याची शिक्षा होते. त्याचं कारण खून की कॉफी, हे ऐकणाऱ्याला सांगता येणार नाही.

इथे ‘कोसला’ची आठवण येणं साहजिक आहे. १९६३ सालच्या या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही ‘काही वाटत नाही’वाल्या पोरांत मोजला गेला, पण बहीण मनीच्या मरणाने नेमाडे त्याचा बांध असा फोडतात की त्यानंतर त्याला कोरडा म्हणायची कुणाची छाती होत नाही. काम्यू ती मुभा देत नाही. त्याचा बांध फुटतो तो अगदी शेवटी, पाद्र्याची कॉलर धरून, आणि तेव्हाही अश्रू नसतात, आरडाओरडा असतो. त्यानंतरच्या शांततेत त्याला प्रथमच उमगतं की आईने मरणाच्या दारात एक ‘वाग्दत्त वर’ का धरला असेल, पुन्हा सुरुवात करण्याचा खेळ का खेळली असेल. तिच्यासाठी रडण्याचा हक्क कुणालाच नाही, असं तो ठरवतो. मुलाने आईला दिलेला याहून मोठा मान मला आधुनिक कादंबरीत सहसा आठवत नाही.

इथवरचं वाचन मला पटतं. अलिप्त म्हणून बदनाम झालेला माणूस खरं तर दुःखात आहे, फक्त त्याचं दुःख समाजाच्या रिवाजात बसत नाही. आणखी एक दुवा जोडला की चित्र पूर्णही होतं. समुद्रकिनाऱ्यावर, हातात पिस्तूल असताना, डोक्यावरचं ऊन असह्य होतं तेव्हा मर्सो स्वतः सांगतो, हे आईला पुरलं त्या दिवशीचंच ऊन होतं. कपाळ तसंच दुखत होतं. म्हणजे अंत्ययात्रेत जे बाहेर पडलं नाही ते इथे फुटलं. न रडलेलं रडणं म्हणजे ती गोळी. किती व्यवस्थित जुळतं!

नको इतकं व्यवस्थित जुळतं. कारण या चित्रात एक माणूस मेला आहे, आणि आपण त्याच्या मरणाचा उपयोग दुसऱ्याच्या दुःखाचं प्रतीक म्हणून केला.

त्याला नाव नाही. तो ‘अरब’ आहे. निळ्या डांगरीतला, झऱ्यापाशी पडलेला, जिच्याकडे पुढे येऊ त्या बाईचा भाऊ. एक गोळी, मग थोडं थांबून चार. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, जो पहिल्याइतकाच लांब आहे, हा माणूस जवळपास गायब आहे. मर्सोच्या मनात तो किती वेळा येतो हे मी या खेपेला शोधत वाचलं. पहिल्या चौकशीनंतर न्यायाधीश इतका भला वाटतो की मर्सो निघताना हात पुढे करणार असतो, आणि ऐनवेळी त्याला आठवतं की आपण माणूस मारला आहे. पश्चात्ताप होतो का, असं विचारल्यावर तो म्हणतो, पश्चात्तापापेक्षा एक प्रकारचा वैताग वाटतो. कोठडीत तो आपल्या खोलीतल्या एकेका वस्तूची आठवण काढत तासच्या तास घालवतो: कपाट, त्यावरच्या वस्तू, लाकडाचा रंग, तडे. त्या मोजदादीत मेलेल्याचा चेहरा कधी येत नाही. मृत्युदंडाच्या विचारात वडील येतात. त्यांनी एकदा एका खुन्याचा शिरच्छेद पाहिला होता आणि घरी येऊन ओकले होते. ही काम्यूच्या स्वतःच्या वडिलांची गोष्ट, आईने सांगितलेली. तिच्या आधारे त्याने पुढे १९५७ मध्ये देहदंडाविरुद्ध मोठा निबंध लिहिला. मारणाऱ्याच्या मरणाने बाप ओकतो, आणि मुलगा मारलेल्याच्या मरणाने बेचैनही होत नाही.

म्हणजे अलिप्तपणा आहे. आपण तो भलत्या ठिकाणी शोधत होतो.

आईच्या शवाजवळ दिसला तो अलिप्तपणा वरवरचा. किनाऱ्यावरचा खरा. आणि तो अचानक उगवलेला नाही, त्याची तयारी आधीच्या पानांत चालू आहे. शेजारी रेमों, जो बायकांच्या जिवावर जगतो असं अख्खी वस्ती बोलते, त्याला आपल्या ठेवलेल्या बाईला अद्दल घडवायची असते. त्यासाठी एक पत्र हवं: तिला पस्तावा होईल असं, म्हणजे ती परत येईल आणि मग हा तिची अवहेलना करून तिला हाकलून देईल. मर्सो ते पत्र लिहून देतो. बाईचं नाव कानावर पडतं तेव्हा ती अरब आहे हे त्याच्या लक्षात येतं, आणि लेखणी थांबत नाही. पुढे तिच्या किंकाळ्या जिन्यापर्यंत ऐकू येतात. मर्सोची मैत्रीण मारी म्हणते, पोलिसाला बोलाव. मर्सो म्हणतो, मला पोलीस आवडत नाहीत. नंतर पोलीसठाण्यात जाऊन तो रेमोंच्या बाजूने जबानी देतो, की त्या बाईनेच त्याला फसवलं होतं. हे त्याला कुठून माहीत? रेमोंकडून. रेमों ताकीद मिळून सुटतो. (या रेमोंचं आडनाव सँतेस आहे, म्हणजे काम्यूच्या आईचं माहेरचं आडनाव. लेखकाने ते या माणसाला का दिलं असेल, याचं कोडं मला सुटत नाही.)

काम्यूने १९५५ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्तीला एक प्रस्तावना लिहिली. तिचा आशय असा की मर्सो समाजाचा खेळ खेळत नाही, तो खोटं बोलायला नकार देतो, सत्यासाठी मरायला तयार होतो, आणि म्हणून तो आपल्या लायकीचा एकमेव ख्रिस्त आहे. इतकी वर्षं ही प्रस्तावना चावीसारखी वापरली गेली. मला वाटतं लेखक इथे आपल्याच पुस्तकापेक्षा कमी पाहतो. ते पत्र काय सत्य होतं? एका बाईची अवहेलना करायला तिला घरी आणण्यासाठी रचलेला तो सापळा होता, आणि रचणाऱ्याने तो नीट रचला, कारण रेमोंला नाराज करायचं काही कारण त्याला दिसलं नाही. आईबद्दल एक शब्द खोटा न बोलणारा माणूस या बाईबद्दल खोट्याचा कारागीर होतो. त्याच्या सचोटीला सीमा आहे, आणि ती अल्जिअर्सच्या वस्त्यांच्या सीमेवरूनच जाते. अलीकडे खानावळवाला सेलेस्त, सालामानो, मारी. पलीकडे ती बाई आणि तिचा भाऊ.

न्यायालयही त्याच सीमेच्या अलीकडे भरतं. सेलेस्त साक्षीला येतो आणि ‘हे एक दुर्दैव’ यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. आयुष्यात प्रथमच एखाद्या पुरुषाचा मुका घ्यावा असं मर्सोला वाटतं. सालामानो येतो, मारी येते, रेमोंचा मित्र मासों येतो. मृताचं कुणी येत नाही. ना बहीण, ना किनाऱ्यावर त्याच्यासोबत असलेला दुसरा. कुणी त्यांना बोलावलंही नाही, आणि मर्सोपासून प्रेक्षकांपर्यंत कुणाला ते खटकत नाही. कॉनर क्रूझ ओब्रायनने १९७० मध्ये दाखवून दिलं की वसाहतीतल्या अल्जिरियात, सुरा उपसलेल्या अरबाला मारल्याबद्दल एका युरोपियनाला देहदंड होणं ही जवळजवळ कल्पितकथाच होती. एडवर्ड सईदने १९९३ मध्ये ही टीका आणखी पुढे नेली. या टीकेत तथ्य आहे. पण ती वाचताना मला एक हरकत घ्यावीशी वाटते. दोघेही पुस्तकाची चूक आणि मर्सोची चूक यांत पुरेसा फरक करत नाहीत. काम्यू बातमीदार होता. १९३९ च्या जूनमध्ये काबिलियातल्या उपासमारीवर त्याने ‘आल्जे रेप्युब्लिकँ’त लेखमाला लिहिली, न्यायालयांत बसून खटल्यांची वार्तांकनं केली, अन्यायाने गोवलेल्या अरबांची बाजू मांडली. अशा माणसाला न्यायालयात अरब साक्षीदार नसणं दिसलं नसेल? पुढच्याच वर्षी, १९४० च्या मे महिन्यात, त्याने पॅरिसमधल्या एका हॉटेलात या कादंबरीचा मसुदा पुरा केला. खुनाचा खटला कॉफीवर चालतो, यातला उपरोध जर हेतुपुरस्सर आहे, तर मृताची अनुपस्थिती हीही त्याच उपरोधाचा भाग असू शकते. सिद्ध करता येणार नाही. पण एक पान आहे जे ही शक्यता जिवंत ठेवतं.

तुरुंगात पहिल्या दिवशी मर्सोला ज्या कोठडीत टाकतात तिथे बहुतेक अरबच आहेत. त्याला पाहून ते हसतात, विचारतात, काय केलंस? तो सांगतो, एका अरबाला मारलं. सगळे गप्प होतात. थोड्या वेळाने रात्र पडते, आणि तेच लोक त्याला दाखवतात की चटईचं एक टोक गुंडाळलं की उशी होते.

मर्सो याबद्दल काहीही म्हणत नाही. ओल्या टॉवेलची दखल घेणारा, सेलेस्तच्या दोन शब्दांनी गहिवरणारा माणूस, आपल्याच लोकांपैकी एकाला ज्याने मारलं त्याला उशी करून देणाऱ्यांबद्दल एक शब्द खर्च करत नाही. पण लेखकाने तो प्रसंग लिहिला आहे. कथेला त्याची काही गरज नव्हती. मर्सोच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी काम्यूने मर्सोच्याच तोंडून वदवून घेतलंय, असं मी याचं वाचन करतो.

काम्यूला स्वतःला ही सीमा शेवटपर्यंत ओलांडता आली का, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न. १९५६ च्या जानेवारीत, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, तो अल्जिअर्सला गेला, दोन्ही बाजूंनी निदान नागरिकांना तरी मारू नये असं आवाहन त्याने केलं, आणि बाहेर त्याच्याच फ्रेंच जातभाईंचा जमाव त्याच्या मरणाच्या घोषणा देत होता. पुढच्या वर्षी नोबेल घ्यायला गेला असताना स्टॉकहोममध्ये एका अल्जिरियन तरुणाने त्याला जाब विचारला. उत्तराचा सारांश असा की अल्जिअर्सच्या ट्राममध्ये बॉम्ब फुटताहेत, माझी आई त्यातल्या एखाद्या ट्राममध्ये असू शकेल, हाच जर न्याय असेल तर मी आईची बाजू घेईन. या उत्तरावर पॅरिसच्या डाव्यांनी त्याला धुऊन काढलं. मला ते उत्तर भ्याड वाटत नाही. ते मर्सोच्या नकाशावरचं उत्तर वाटतं: अलीकडे आई, आणि तिच्यासाठी सगळं. पलीकडच्या ट्राममधली, पलीकडच्या डोंगरातली, फ्रेंच विमानांखालची दुसऱ्या कुणाची आई त्या वाक्यात मावली नाही. ती त्याला माहीत नव्हती असं नाही, काबिलियाच्या लेखांत ती होतीच.

२०१३ मध्ये कामेल दाऊद या अल्जिरियन पत्रकाराने त्या दुसऱ्या आईला कादंबरीत आणलं. ‘मर्सो, प्रतिचौकशी’ असं त्या फ्रेंच पुस्तकाचं नाव मराठीत होईल. मेलेल्याला त्यात नाव मिळतं, मूसा, आणि त्याचा धाकटा भाऊ हारून म्हातारपणी एका बारमध्ये बसून गोष्ट सांगतो. त्याची आई वर्तमानपत्राच्या कात्रणाच्या जोरावर मुलाचं मरण उराशी धरून आयुष्य काढते. बोलते, रडते, ओरडते, धाकट्याला मोठ्याच्या कपड्यांत वाढवते. मर्सोची आई जितकी गप्प, तितकी ही अनावर. हे दोघं ज्या गावात जाऊन राहतात ते हाजूत. फ्रेंच अमदानीत त्याच गावाला मारेंगो म्हणत, म्हणजे जिथे मर्सोने आईला पुरलं ते.

दाऊदचं पुस्तक ‘वसाहतवाद्याला उत्तर’ म्हणून गाजलं, आणि त्यावर समाधान मानणाऱ्यांनी ते बहुधा अर्ध्यावर ठेवलं असावं. कारण उत्तरार्धात हारून स्वतः खून करतो. १९६२ च्या जुलैत, स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर, अंगणात लपायला आलेल्या एका फ्रेंच माणसाला, आईच्या नजरेच्या धाकाखाली, रात्री दोन वाजता. त्याला पकडतात. नव्या राष्ट्राचा लष्करी अधिकारी त्याची चौकशी करतो. फ्रेंच माणूस का मारलास, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याचं म्हणणं वेगळं: मारायचा होता तर आधी का नाही मारलास? काही दिवस आधी, आमच्यासोबत लढ्यात उतरून मारला असतास तर वीर ठरला असतास. तारीख चुकली, एवढाच गुन्हा. हारूनला खटला हवा आहे, शिक्षा झाली तरी चालेल, पण केलेल्या कृत्याला कुणी तरी कृत्य म्हणावं. त्याला सोडून देतात. मर्सोला कॉफीपायी मृत्युदंड, हारूनला वेळापत्रकापायी मोकळीक, आणि झोझेफ नावाच्या त्या फ्रेंच माणसाबद्दल, ज्याला दाऊदने आठवणीने नाव दिलं आहे, नवं न्यायासनही जुन्याइतकंच बेफिकीर.